अगस्त्याच्या शेजारी

३ फेब्रुवारी

आले बाई एकदाची तंजावूरला! कोल्हापूर सोडताना आईचा एकच धोशा होता, की तिकडे तुझ्याशी मराठीत बोलणार कोण? आणि इथे घरमालकीणबाईंनी दार उघडलं तेच "या, बैसा" म्हणत. वेंकूबाई आणि त्यांचे यजमान सांबशिवराव, दोघंही साठीच्या पुढचे. राजांच्या काळापासूनची इथली मराठी मंडळी. बोलण्याला तमिळ हेल, आणि मधूनच असा एखादा जुना शब्द येतो की ऐकतच राहावं. देवनागरी मात्र दोघांनाही वाचता येत नाही, त्यामुळे ही वही कुठेही उघडी टाकायला मी मोकळी.

कॉलेज बरं वाटलं. दोन वर्गांना गणित शिकवायचं आहे. घर गावाबाहेर, ओरत्तनाडूच्या रस्त्याला. मला वरची एक खोली आणि तिच्यापुढची सगळी गच्ची. इथे तिला मोट्टै माडी म्हणतात, म्हणजे बोडकी माडी. दक्षिणेला एक घर नाही की दिवा नाही. नुसती कापणी झालेली भातशेतं, पलीकडे नारळाची रांग आणि लांबवर राइस मिलचं धुराडं. खरं सांगायचं तर खोली मी नीट बघितलीच नाही, गच्ची बघूनच होकार दिला.

संध्याकाळी अगस्त्य तारा दिसला. आमच्याकडे तो बराच खाली असतो, इथे चांगला वर आलेला. ध्रुवतारा मात्र इतका खाली, की समोरच्या घराच्या पाण्याच्या टाकीमागे गेला. सांबशिवराव कापी, म्हणजे कॉफी, घेऊन वर आले होते. त्यांना म्हटलं, मी दुर्बीण घेणार आहे. त्यांचा चेहरा असा खुलला, की जणू घरात लग्न निघालंय.

९ फेब्रुवारी

दुर्बीण ठरली. आठवडाभर खल चालला होता. लोक आधी नळीकडे बघतात; मी म्हणते, आधी तिचं बूड बघावं. नळी कितीही भारी असली, तरी बैठक थरथरत असेल तर गुरू डबक्यातल्या दिव्यासारखा हलतो.

सांबशिवराव वीजखात्यातून निवृत्त झालेले, त्यांचा ओढा मोटारवाल्या बैठकीकडे. ती ताऱ्यामागोमाग आपोआप फिरते. पण तिचा आस ध्रुवावर रोखावा लागतो, आणि आमचा ध्रुव टाकीमागे! शेवटी साधी लाकडी पेटी घेतली, तोफेच्या गाड्यासारखी. नळी हाताने वर-खाली करायची, पेटी हाताने फिरवायची. आत आठ इंचांचा आरसा. सांबशिवराव थोडे हिरमुसले, पण वेंकूबाई म्हणाल्या, "बरें झालें. मोटार बिघडली तर हे रात्रभर तीच उघडून बैसतील."

१५ फेब्रुवारी

आली! नळी माणसाएवढी लांब. मला एकटीला उचलेना. सांबशिवरावांनी एक टोक धरलं, गुडघे दुखतात म्हणून दर दोन पायऱ्यांवर थांबत आम्ही ती गच्चीवर नेली.

आरसा जुळवण्यात दुपार गेली. दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं हे आधीच सांगून ठेवलं होतं, तरी वेंकूबाईंना नारळाचे शेंडे खाली लोंबताना दिसले आणि त्या पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. मग गुरू आणि त्याचे चार चंद्र बघितले. त्यांनी हात जोडले.

भिंगाची छोटी नळी आतबाहेर सरकते, तिच्यावर पेन्सिलीने खुणा केल्या. तारे स्पष्ट दिसतात ती सगळ्यात आतली खूण. मग थोडं बाहेर धुराडं, त्याबाहेर नारळ, आणि पार टोकाला समोरची टाकी. वस्तू जितकी जवळ, तितकी नळी बाहेर ओढावी लागते. टाकीच्या अलीकडचं काही ही दुर्बीण स्पष्ट दाखवू शकत नाही. ती दूरसाठी आहे.

१८ फेब्रुवारी

आज एक गंमत. दिवेलागणीला अगस्त्य धरला, तर त्याच्या शेजारी एक काळी उभी रेघ. भिंग पुसलं, आरसा बघितला. रेघ तिथेच. नुसत्या डोळ्यांना काही दिसत नाही. मोठं भिंग लावलं तर वाटलं, माणूस उभा आहे. हात अंगालगत, पाय जुळलेले.

मोबाइलच्या टॉवरवर चढलेला कामगार असेल, असं मी म्हटलं. सांबशिवरावांनी पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले. म्हणाले, त्या बाजूचा खांबन् खांब मला ठाऊक आहे, तिथे टॉवर नाही. आणि इतक्या उंचीवर तर काहीच नाही.

पतंग अडकला असेल. पण कशाला अडकला असेल?

१९ फेब्रुवारी

आजही तिथेच. तारे सरकले, ते सरकलं नाही. आणि एक गोष्ट मला आवडली नाही. काल अगस्त्य आणि ते एकाच खुणेवर स्पष्ट होते. आज ते स्पष्ट करायला नळी किंचित बाहेर घ्यावी लागली. धुराड्याच्या खुणेपर्यंत.

सांबशिवराव खूश आहेत. आज जिना न थांबता चढले. म्हणाले, गुडघे दुखायचे राहिले.

२१ फेब्रुवारी

काल ढग होते. आज ते धुराड्याच्या अलीकडे आहे आणि जरा वरही. नळी अधिक उभी करावी लागली.

ते हलत नाही. वारा होता, नारळ झुलत होते, याचं काहीच हललं नाही.

मी ठरवलं, की हा माझ्या दुर्बिणीचाच दोष. आत केस किंवा कोळ्याचं जाळं असणार. उद्या सगळी उघडून बघते. सांबशिवरावांना सांगितलं, दोन दिवस बघायचं नाही. ते हो म्हणाले. पण त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं.

२२ फेब्रुवारी

सगळी उघडली, पुसली, जुळवली. आत काही नाही.

खूण ताडून बघावी म्हणून आधी नारळ धरले. शेंडे खाली, बुंधे वर, जसे दिसायचे तसे. मग भिंगाची नळी त्याच खुणेवर ठेवून दुर्बीण वर नेली. ते स्पष्ट होतं. म्हणजे ते आता नारळांइतकंच जवळ आहे.

आणि मग डोक्यात आलं.

दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं. झाडं उलटी, चंद्र उलटा. ते मात्र पहिल्या दिवसापासून सुलट दिसतंय.

म्हणजे ते खरं तर उलटं आहे. पाय आभाळाकडे, डोकं आमच्याकडे. कशाला लटकलेलं नाही. आपण जमिनीवर उभे असतो तसं ते आभाळावर उभं आहे.

२४ फेब्रुवारी

वेंकूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. म्हणाल्या, सकाळी हे आंघोळीनंतर अंगणात उभे होते, आणि ओल्या मातीत यांचे पाय उमटले नाहीत. त्यांना वाटलं होतं आपली नजरच कमी झाली.

आम्ही दोघींनी सांबशिवरावांना समोर बसवलं. ते शांत होते. म्हणाले, "टीचर, भ्यायचं काय त्यांत? कोणी इतक्या दुरून येतंय, तर वळखून तरी घ्यावं." मी दुर्बिणीवर झाकण घातलं, बैठकीवरून नळी काढली आणि खोलीत नेऊन ठेवली.

खोलीत आल्यावर लक्षात आलं. मी ती एकटीने उचलून आणली होती. एका हाताने.

२५ फेब्रुवारी

कॉलेजातून आले तर नळी पुन्हा गच्चीवर. सांबशिवराव तिच्यापाशी. ती सरळ वर, डोक्यावर रोखलेली. पेटी तशी फिरवायला अवघड जाते, पण त्यांना काही अडचण आलेली दिसत नव्हती. छोटी नळी शेवटच्या खुणेपर्यंत ओढलेली.

टाकीची खूण. म्हणजे आमच्या घराच्या थेट वर, समोरच्या टाकीइतक्याच अंतरावर.

मी बघायला नको होतं. बघितलं.

डोळे मिटलेले आहेत. चेहरा म्हातारा नाही की तरुण नाही. ओठ हलतात.

मी सांबशिवरावांना दंडाला धरून खाली नेलं. हातात काही वजन लागलं नाही. रिकामी पिशवी ओढावी तसे आले.

२६ फेब्रुवारी

आज नळी पार बाहेर ओढली तरी ते स्पष्ट होत नाही. नुसता काळा डाग, सगळं भिंग भरून. टाकीच्याही अलीकडे आलंय.

दुर्बीण खोलीत आणून आरसा काढला. फडक्यात बांधून पलंगाखाली ढकलला. आता कोणीच बघायचं नाही.

सांबशिवराव संध्याकाळी जेवले नाहीत. वेंकूबाईंनी बाहेरच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. पण गच्चीच्या दाराला कुलूपच नाही. उद्या आणते.

२७ फेब्रुवारी

सांबशिवराव गेले.

पहाटे वेंकूबाईंनी हाक मारली, हे कुठे दिसत नाहीत म्हणून. गच्चीवर त्यांच्या चपला होत्या, शेजारी शेजारी ठेवलेल्या. ते मागच्या शेताच्या मधोमध सापडले. डोकं मातीत, खांद्यांपर्यंत. वरून सोडून दिल्यासारखे.

पोलीस म्हणाले, गच्चीवरून तोल गेला असेल. मी म्हटलं, गच्ची कुठे आणि ते शेत कुठे! शेताला अजून ओल आहे. तिथे जाणारी पावलं दाखवा. त्यांनी शेवटी लिहून घेतलं, पडून मृत्यू.

वेंकूबाई रडल्या नाहीत. सारख्या छताकडे बघत होत्या.

२८ फेब्रुवारी

क्रियाकर्म त्यांच्या पुतण्याने केलं. गणेशकुमार, तिरुवैयारूला असतो. त्याला सांगितलं, काकूंना आजच्या आज तुझ्याकडे घेऊन जा. तो म्हणाला दहा दिवस घर सोडायचं नसतं. मी हात जोडले, तरी नाही.

मला वाटलं होतं, मी तरी जाऊ शकते. सकाळी बॅग घेऊन निघालेही होते. फाटकाबाहेर, उघड्यावर आले आणि टाचा टेकेनात. खांब धरला. बॅग छातीशी घट्ट धरून कशीबशी मागे आले. छपराखाली आल्यावर पाय टेकले.

छपराखाली बरं आहे.

१ मार्च

वेंकूबाईंना विचारलं, तुम्ही दुर्बिणीतून ते पाहिलं नाहीत ना? गुरू आणि नारळ, एवढंच ना?

म्हणाल्या, "पाहिलें. त्यांनींच बोलाविलें मजला, या, पाहा म्हणून. एकदांच."

आता दोघी.

गच्चीवर दुर्बिणीची लाकडी पेटी राहिली होती. दुपारी ती सरकल्याचा आवाज आला. मग आवाज बंद. खाली पडल्याचा आवाज आलाच नाही.

गणेशकुमारने वर जाऊन पाहिलं. म्हणाला, पेटी कुठे आहे? चोरीला गेली का? तो सरळ चालतो. जड पावलं टाकत. त्याने काही पाहिलेलं नाही.

२ मार्च, संध्याकाळ

गणेशकुमार भटजींना आणायला गेलाय. थांब म्हटलं होतं — लगेच येतो म्हणाला.

खालच्या खोलीत आम्ही दोघी. खिडक्या लावल्या. सागवानी पलंग चार माणसांना हलत नाही. वेंकूबाईंच्या कमरेला साडी बांधून दुसरं टोक पलंगाच्या पायाला बांधलं. माझंही. लिहितेय, कारण आईला कळायला हवं.

वर गच्चीवर कोणीतरी चालतंय. नाही — चालत नाही. बोटांनी चाचपडतंय. जमीन शोधतंय तसं.

वेंकूबाई म्हणतात, ओठ हलत होते ते काय बोलत होते, तुला समजलें का? मला नाही समजलं. त्यांना समजलं होतं. सांगत नाहीत.

गच्चीचं दार —

सांबशिवरावांच्या नावाने ठेवलेल्या दिव्याची ज्योत खाली वळलीय. खाली. तेल छताला ठिबकतंय.

वेंकूबाईंचे केस वर. पदर वर. माझा हात धरून आहेत. गाठ ओढतेय, पलंगाचा पाय करकरतोय. मी सोडणार नाही. टीचर, सोड, म्हणतात, तुझें वय नाही. सोडणार नाही

पलंग उचलला जा

गणेशकुमारची गाडी आली — फाटकाशी — ओरडतेय मी, ऐकू येत ना

पेन उमटत नाही शाई मागे जातेय टोकाकडे येतच