शुक्रवारचा जॅझ कार्यक्रम

जुबैल,
डिसेंबर २०१३

ती. अक्कास हरिहरचा साष्टांग नमस्कार.

माझी प्रकृती उत्तम असून जेवण वेळेवर होते. आपला गुडघा कसा आहे?

एका बाबतीत आपली अनुज्ञा हवी आहे. अनुराधा गेल्यापासून, वर्ष पाळण्याच्या आपल्या रीतीनुसार, मी घरात संगीत लावलेले नाही. पूर्वी दर शुक्रवारी आम्ही नवराबायको इंटरनेटवर एका अमेरिकन निवेदकाचा जॅझचा कार्यक्रम ऐकत असू. मधूनमधून तो पुस्तकांविषयी आणि बेसबॉलविषयी रंगून बोलतो. अनुराधा त्याला ईमेलने बेसबॉलच्या शंका विचारी. तिच्या नादाने शेजारचे जलालभाईही ऐकू लागले. काल ते म्हणाले, "साहेब, तुमचा जॅझवाला विचारत होता, जुबैलच्या बाईंना बेसबॉल कळला काय, प्रश्नच येत नाहीत! त्याला ठाऊक नाही हो."

वर्ष जूनमध्ये पुरे होईल. माझी नोकरीतली जागा मात्र मार्चमध्ये सौदी अभियंत्याकडे जाईल आणि कंपनीचे हे घर सोडावे लागेल. त्याची चिंता नसावी. नाशिकला काम मिळेल. परंतु तो कार्यक्रम याच खोलीत, तिच्या खुर्चीशेजारी बसून एकदा ऐकावा, असे वाटते.

आपण नको म्हणालात तर ऐकणार नाही. मात्र आपण नको म्हणू नये.

आपला आज्ञाधारक धाकटा भाऊ,
हरिहर