कोणत्या बेडचे नातेवाईक?

प्रिय आईस,
धाकटीचा नमस्कार. आधी रागावू नकोस.

परवा वॉर्डात तुझा फोन आला आणि मी विचारलं, "कोणत्या बेडचे नातेवाईक?" तू म्हणालीस, "ज्याच्यावर तू झोपतच नाहीस, त्या तुझ्या बेडची." फोन स्पीकरवर होता. आमच्या इन्चार्ज सिस्टर हसून हसून खाली बसल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "अगं, आईला ओळखेनास! चल, उद्यापासून सुट्टी."

तेव्हापासून नुसती लोळतेय. काल दूध उतू गेलं तरी जाग नाही! आज खिडकीत बसून मोठ्यांदा गायले, तर शेजारीण विचारायला आली, "कोणी आजारी आहे का?"

बाबांचा गुडघा कसा आहे? जिने चढू देऊ नकोस.

आणि माझं अक्षर बघ, किती सरळ आलंय! जागरणांनी हात थरथरायचे, तेव्हा तुला बोलले नव्हते.

तुझ्याच बेडची पेशंट,
धाकटी