काका कुठेच उतरले नाहीत

प्रिय दानबी,

अक्षर ओळखलंस की पहिल्यांदा हे पत्र फाडावंसं वाटेल. फाड, पण वाचून झाल्यावर. माझा नंबर तू बंद केलास, मेसेज पोचत नाहीत, म्हणून टपालाचा रस्ता धरला. पाया पडायला लिहीत नाहीये. भांडायला थोडंसं लिहितोय, पण तुझ्याशी नाही. तुझे बाबा गेले, हे तुला कुठूनतरी कळलंच असणार. तू आली नाहीस. त्यावर मी एक शब्द बोलणार नाही. ‘पुन्हा तोंड दाखवू नकोस’ असं सांगून ज्यांनी तुला बुसानला जाऊ दिलं, त्यांच्या फोटोपुढे वाकायला ये, हे तुला सांगणारा मी कोण? मी मात्र गेलो होतो. आणि तिथून निघाल्यापासून माझ्यामागे जे लागलंय, त्याचं काय करायचं हे तुला विचारल्याशिवाय मला घरी पाऊल टाकता येत नाहीये. शब्दशः.

मेट्रोच्या तीन नंबरच्या लाइनचं उत्तरेकडचं शेवटचं स्टेशन, तिथलं मोठं हॉस्पिटल, आणि त्याच्या तळघरातली ती शोकाची खोली. पांढऱ्या शेवंतीत काकांचा, म्हणजे तुझ्या बाबांचा, फोटो ठेवला होता, तोच, कपाळाला आठी असलेला. मोठ्या मुलाने बांधायची पट्टी दंडावर बांधून तुझा चुलतभाऊ बसला होता आणि गुडघ्याआड फोनवर गेम खेळत होता. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तरी फोटोपुढे दोनदा वाकलो, लाल रस्सा भात पुढ्यात आला तो खाल्ला. तेवढ्यात तुझा चुलता पलीकडच्या मेजावरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “हाच ना तो, कॉलेज अर्धवट टाकलेला? पोरगी गेली, बाप गेला, हा अजून चिकटलेलाच!” मी उठलो. “काका दवाखान्यात होते तेव्हा तुम्ही कुठे चिकटला होतात?” म्हणालो. मग दोघातिघांनी मला धरून दारातल्या बुटांपर्यंत आणून सोडलं. झटापटीत चष्म्याची दांडी वाकली. काका असते तर त्यांनी न विचारता तो माझ्या नाकावरून ओढला असता. आठवतं ना, रस्त्यात कुणाचाही चष्मा तिरका दिसला की त्यांचे हात शिवशिवायचे. फ्रेमच्या कारखान्यात सगळा जन्म गेला. कपड्यांना कायम तो घासलेल्या फ्रेमचा आंबूस, सिरक्यासारखा वास.

बाहेर आलो तर आईचा फोन. “थेट घरी यायचं नाही हं. ताई बाळंतीण आहे, घरात तान्हं आहे. कुठेतरी माणसांत थांब, काहीतरी खा, पायांबरोबर आलेलं तिथेच सोड, मग ये.” हो हो म्हणालो. असल्या गोष्टींवर मी कधी विश्वास ठेवला नाही, तुला माहितीये. पण हवा छान होती, गिंकोच्या झाडांची पानं पिवळीधमक होऊन रस्ताभर पडली होती. म्हटलं, चला, या निमित्ताने शहर तरी फिरू. तू गेल्यापासून नुसती कामाला जायची-यायची स्टेशनं बघतोय.

तीन नंबरची गाडी वरून, घरांच्या खिडक्यांजवळून जाते. इमारती आल्या की लोकांच्या घरात दिसू नये म्हणून डब्याच्या काचा आपोआप दुधासारख्या पांढऱ्या होतात. तू म्हणायचीस, गाडी लाजली. त्या दिवशीही लाजली. पांढऱ्या काचेवर माझी फिकट सावली पडली आणि तिच्या शेजारी आणखी एक. मी वळून पाहिलं. शेजारची जागा रिकामी होती. डबा भरलेला, दारापाशी माणसं दाटीने उभी होती, आणि ती एक जागा रिकामी. काच पुन्हा स्वच्छ झाली तसं खाली नदीचं पाणी दिसायला लागलं. मी स्वतःला चार शिव्या घातल्या.

सोमुन बाजाराला उतरलो, कारण तिथे असते त्यापेक्षा जास्त माणसं कुठे असणार? चपट्या मोमोवाल्या मावशीच्या बाकड्यावर बसलो. तिने थाळी ठेवली आणि चॉपस्टिकच्या दोन जोड्या. मी म्हटलं, मी एकटाच आहे. तिने माझ्या खांद्यामागे पाहिलं, एक जोडी उचलून घेतली आणि पैसे घेताना हात लागू दिला नाही. तरी मनाशी म्हटलं, माणसांत थांबलो, खाल्लं, संपलं. पुन्हा गाडीत चढलो. वयस्कर माणसांच्या जागांवर एक आजी टोपलीत पर्सिमनची फळं घेऊन बसली होती. ती एकदम माझ्यावर खेकसली. “काय रे ए, वडिलांना उभं ठेवून स्वतः बसतोस? लाज नाही वाटत?” मी म्हटलं, “कोण वडील, आजी?” ती खाली, माझ्या बुटांच्या बाजूला पाहत होती. हळूच म्हणाली, “अरे, आणि त्यांचे बूट कुठायत? थंडीचं नुसत्या पांढऱ्या मोज्यांवर आणलंस होय त्यांना?” मी पुढच्या स्टेशनला उतरलो, मागची गाडी पकडली. वास माझ्या आधी डब्यात चढलेला होता. सिरक्याचा.

मग मी चिडलो. घाबरलो की मी चिडतो, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत? एक नंबर, दोन नंबर, दिसेल त्या लाइनला बदलत राहिलो. आनजिरांगच्या गल्लीत भाजलेली आतडी खाल्ली, कुठल्याशा दुकानात उगाच मोजे पाहिले, सार्वजनिक संडासातही जाऊन आलो, कारण आई म्हणते तिथे मेलेली माणसं मागे येत नाहीत. काका सगळीकडे आले. शेवटी दमून दोन नंबरच्या गाडीत डोळा लागला. जाग आली तेव्हा समोरच्या जाहिरातीतली बाई मला सरळ दिसत होती. चष्मा हातात घेतला, दानबी. वाकलेली दांडी सरळ होती. नाकावरची पकडसुद्धा आत घेतलेली होती, काका घ्यायचे तशी, थोडीशी डावीकडून जास्त. मी भर डब्यात उभा राहून ओरडलो, “उतरा की एकदाचे! मी काय घोडं मारलंय तुमचं? जिवंत होतात तेव्हा दारात उभं केलं नाहीत मला!” लोक बाजूला सरकले. एका पोरीने फोन काढला. वास जराही हलला नाही.

त्यानंतर मी भांडणं सोडून दिलं. घरी जाता येत नव्हतं, आईला सांगितलं मित्राकडे आहे, आणि रात्रभर उघड्या असणाऱ्या स्टीम बाथमध्ये झोपलो. सकाळी स्टेशनात गेलो आणि ठरवलं, बघू तरी यांना जायचंय कुठे. वास दाराकडे सरकला की उतरायचं, थांबला की थांबायचं. नामसानला उतरलो तर तुझी प्राथमिक शाळा. फाटकापाशी इतका वेळ थांबवून ठेवलं की शिपाई चौकशीला आला. सुसोंगच्या तळ्यावर नेलं, त्या बदकाच्या आकाराच्या होड्यांजवळ. तिथे तू लहानपणी पाण्यात पडली होतीस म्हणे, तूच सांगितलं होतंस. मग पन्वोल्दांगचा भुयारी बाजार, तू कामाला होतीस ते क्रीम-पावडरचं दुकान. आता मला पुढचं स्टेशन आधीच कळायला लागलं होतं. ते माझ्यामागे लागले नव्हते. मला धरून तुला शोधत होते. तुझ्याजवळ जाईल असं त्यांच्या ओळखीचं दुसरं माणूस या शहरात नव्हतं.

दुकानात ती केस रंगवलेली, उंच मुलगी अजून आहे. मी तोंड उघडायच्या आत ती माझ्या मागे बघत म्हणाली, “आजोबा, परत आलात? सांगितलं ना, दानबी बुसानला गेली. पत्ता मला माहीत नाही हो. दर वेळी तेच काय विचारता?” मी विचारलं, दर वेळी म्हणजे? ती म्हणाली, “अहो, वर्षभर येतायत. कधी कारखान्याच्या कपड्यांतच. तुम्ही यांचे कोण? यांना एकटं सोडत जाऊ नका, आज किती पांढरे पडलेत.” मी नुसता वाकून बाहेर आलो. वर्षभर, दानबी. तोंड दाखवू नकोस म्हणणारा माणूस कामावरून सुटल्यावर सबवेने जाऊन तुझा पत्ता विचारत होता. मला विचारला असता तर मी दिला असता. मला विचारणं त्यांना कमीपणाचं वाटलं असणार. आता नाही वाटत.

हे मी तोंगतेगू स्टेशनच्या बाकावर बसून लिहितोय. बुसानच्या गाड्या समोरून जातायत, आणि प्रत्येक गाडीला तो वास फलाटाच्या कडेपर्यंत जातो, मी उठत नाही म्हणून परत येतो. निघालो तर तासाभरात तुझ्या दारात असेन. तुझ्या दारात उभं राहायला कारण मिळावं म्हणून मी काय काय नवस केलेत ते सांगत नाही, आणि आता कारण हाताला धरून बसलंय तर मी तिकीट काढलेलं नाही. तू म्हणशील, ही याची नवी युक्ती. म्हण. पण मी आलो तर एकटा येणार नाही, आणि त्यांना तुझ्या घरात न विचारता आणून सोडायचा अधिकार मला नाही. म्हणून हे पत्र. येत्या रविवारी दुपारी मी तुझ्या जिन्याखाली येईन. ते नको असतील तर मेलेल्याला परतवायला टाकतात तसं वरूनच मूठभर मीठ माझ्या अंगावर टाक, तोंडावर टाकलंस तरी चालेल. मी त्यांना घेऊन परत फिरेन आणि तुला पुन्हा कधी विचारणार नाही. आणि हवे असतील तर काही बोलू नकोस, खाली बघूही नकोस. फक्त दार उघडं ठेव. त्यांच्या पायांत बूट नाहीत, जिना चढताना आवाज येणार नाही. मी वर येणार नाही. ते आत पोचले की मला कळेल. मग मी घरी जाईन.

जिन्याखाली थांबणारा, तरीही तुझाच,
दोग्योम