यादीतली दुसरी

रविवार, २ फेब्रुवारी
आले बाई एकदाची मस्कतला! अल् घुब्रातला फ्लॅट झकास. समोर डोंगर, पण औषधाला झाडाचं पान नाही. सून रेखा नोकरीवर जाते, म्हणून नातीला, उर्वीला, दुपारी शाळेच्या बसमधून उतरवून घ्यायचं काम माझ्याकडे. इथे रविवारीही शाळा.

बसचा प्रोग्राम आमच्या लेकानेच, राजीवने, केलाय. त्याने समजावलं. बसला, माझ्या गोळ्यांना, दाराच्या कार्डाला माणसांची यादी एकच. मुलाच्या पानावर नाव लिहायचं नाही, यादीतल्या माणसावर नुसतं बोट ठेवायचं. ज्याच्यावर बोट, त्याच्याच हाती मूल. मी म्हटलं, आमचा रेशनवालाही एवढं करतो, त्याला कुणी विमानात बसवलं नाही. हसला. मग माझंच बोट धरून ‘सुनंदा’ निवडलं.

मंगळवार, ४
मुलं उतरवणारी बसवरची कुलसुम मोबाइल बघून म्हणाली, इथे तर शीला आहे, आप कौन? तिला झाडलं, तेव्हा पोरगी सोडली.

पण शीला माझंच माहेरचं नाव. लग्नात ताटातल्या तांदळांत ‘सुनंदा’ लिहिलं आणि शीला खलास. पन्नास वर्षं झाली. राजीवलाही कधी सांगितलं नाही.

बुधवार, ५
यादीत खरंच दुसरी आहे. शीला, वय एकोणीस. पत्ता आमचाच. राजीव म्हणतो, मी नाही भरली. उर्वीच्या पानावर त्याने पुन्हा मला निवडलं.

गुरुवार, ६
पुन्हा शीला. आता माझ्या गोळ्यांच्या पानावर, दाराच्या कार्डावरही. उर्वी म्हणाली, ती आजी छान पळते. कोण ती, विचारलं, तर खेळायला पळाली.

रविवार, ९
बस आली, उर्वी नाही. कुलसुम म्हणाली, मागच्या थांब्यावर शीलाने नेली, नाव बरोबर होतं. दीड तासाने पोर एकटीच जिना चढून आली. केसांच्या दोन वेण्या, लाल रिबिनी. आई माझ्या घालायची तशाच. उद्या तिच्याबरोबर लांब जाणार म्हणते.

सोमवार, १०
सकाळी राजीवने शीलावर बोट ठेवून पुसलं. मी शेजारी उभी. यादीतून गेली ती मात्र सुनंदा.

त्याने वळून बघितलं — ओळख नाही डोळ्यांत. रेखाने हिंदीत विचारलं, किससे मिलना है? अगं, मी तुझी —

मला बाहेर काढून दार लावून घेतलं. खाली जिन्यात बसलेय. पावणेदोन. बस वळली. त्या बाजूला कुणीतरी उभी आहे, परकर-पोलक्यात. पोर तिच्या हाती जाता कामा नये. कुलसुमला दाखवायला नाव लिहून नेते —

मी उर्वीची आजी. माझं नाव शी