परतीच्या खान्यातलं शून्य

२० फेब्रुवारी, शुक्रवार
भारत आणि बांगलादेश, बायकांचं शिक्षण, शतकाअखेरपर्यंत. दोन्ही रेषा काढून झाल्या. ढाक्याची आकडेमोड रुमानाची, इथली माझी. तिला माझा एक खाना पटत नाही: शिक्षण मध्येच सुटलेल्यांपैकी किती जणी पुढे परत येऊन परीक्षा देतात. मी तिथे शून्य धरलंय, तिने नाही. फोनवर म्हणाली, "मग आपण दोन देश नाही, दोन गृहीतकं ताडून बघतोय."
बरोबर आहे. पण भरवशाची नोंद नसताना आकडा मनाने भरणार नाही. अहवाल ६ मार्चला द्यायचा.

२४ फेब्रुवारी, मंगळवार
धाकटीचं, वैशूचं, बारावीचं हॉल तिकीट नीट पाहिलं. बायोलॉजी शनिवारी, ७ मार्चला. हळद शुक्रवारी, लग्न रविवारी. हळद लागली की नवरी शिवेबाहेर पाऊल टाकत नाही. केंद्र मुरबाडला.
लग्नाची तारीख बाबांनी मी लिहून दिलेल्या पेपरांच्या तारखांच्या कागदावरून धरली. कागद मी संभाव्य वेळापत्रकावरून लिहिला होता. अंतिम नंतर आलं, ते मी उघडलं नाही. कामात कुठलीही फाइल तारीख बघितल्याशिवाय घेत नाही.
"तुला माहीत नव्हतं?" वैशूला विचारलं.
"होता. आईला बोलली मी. ती बोलते, ताईनी लिहून दिलाय, तिचा चुकत नाय."

२५ फेब्रुवारी, बुधवार
आईला सांगितलं. तांदूळ पाखडत होती, थांबली नाही. "एकच पेपर ना? जुलैत देल. तुझी आत्या पन बोललेली, लगीन झाल्यावर दहावीला बसन."
आत्या बसली नाही. हे आईला माहीत आहे. सूप तेवढं जोरात आपटलं.
वैशूला नर्सिंग करायचंय. बायोलॉजीशिवाय नाही.

२८ फेब्रुवारी, शनिवार
शून्य काढून किंचित काही घातलं की आपली रेषा त्यांच्या रेषेला बरीच आधी गाठते. ऑफिसातल्या सरांना तो आलेख जास्त आवडला. मी नको म्हटलं.
मग जेवताना आईशी वाद. मी म्हणाले, सुटलेल्या परत येत नाहीत. आठवड्यात दुसऱ्यांदा तेच वाक्य, एकदा इंग्रजीत, एकदा घरात. दोन्ही वेळा ते खोटं ठरलेलं मला हवंय.

१ मार्च, रविवार
बाबांना सांगितलं, चूक माझी.
ते उरलेल्या पत्रिका रचत राहिले. मग, "चार गावांत पत्रिका गेल्यात. आता मागून काय सांगू, माझी शिकलेली पोर चुकली म्हनून?" रागाने नाही. त्याने जास्त लागलं.
उठता उठता म्हणाले, "नवऱ्याची उष्टी हळद आल्याबिगर आपली लागत नाय. ती जर त्यांनी शनिवारी दुपारी धाडली..."
हे मला सुचलं नव्हतं. चार दिवस मी मनात लग्नच पुढे ढकलत बसले होते.

२ मार्च, सोमवार
वाशिंदला फोन. नवऱ्या मुलाची आई, स्पीकरवर.
"व्याही, आमच्याकडं शुक्रवारची मानसा बोलावून झाली."
"तुमची हळद शुक्रवारीच लावा, विहीणबाई. आमची उष्टी तेवढी शनिवारी धाडा. पोरीचा पेपर हाय."
"रातभर ठेवलेली हळद? लोका हसतील." मग थांबून, "पोर काय नोकरी करनार हाय काय?"
बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आईनेही.
"करल," बाबा म्हणाले.
"बगू."
फोन तिकडूनच ठेवला.

४ मार्च, बुधवार
वैशूने मंगेशला, म्हणजे होणाऱ्या नवऱ्याला, मेसेज केला. उत्तर: आईशी बोलतो. त्यानंतर काही नाही. दोन निळ्या खुणा.
मी तिला प्रश्न विचारतेय. वनस्पतींचं श्वसन पाठ. प्रजनन म्हटलं की हसते.

६ मार्च, शुक्रवार
दुपारी अहवाल पाठवला. शून्य ठेवलं. दुसरी रेषाही शेजारी काढली. खाली लिहिलं: या खान्याची नोंद नाही, शून्य आकडेमोड करणारीने धरलेलं आहे. रुमानाचं उत्तर लगेच: आता ताडता येईल.

वाशिंदहून अजून हो नाही, नकोही नाही. बाबांनी जीपवाल्याला उद्या साडेआठला सांगून ठेवलंय. आईने ते ऐकलं. थोड्या वेळाने वैशूचं हॉल तिकीट देवाच्या फोटोमागून काढून माझ्या पर्समध्ये टाकलं.
पाचपासून मांडवात बायका. वैशू माझ्यासोबत आतल्या खोलीत, पुस्तक घेऊन.
"काय गो, हळदीच्या दिवशी पुस्तक?" शेजारची काकू.
"तुमी गाना म्हना ना काकू, वाचून मला झोप येते."
"बग बग, सासूला पन अशीच बोलशील."

सहा चाळीस. मांडवातून आवाज: वाशिंदची गाडी आली. गाणं थांबलं. बाबा टोपी घालत पुढे गेले. हळद घेऊन आले, म्हणजे ती आजच लागणार, की बोलायला आले, कळत नाही. मंगेश स्वतः गाडी चालवतोय, आजच्या दिवशी.
खिडकीत मी. वैशू जागेवरून, मान वर न करता: "ताई, हातात काय हाय त्यांच्या?"
दोघी उतरल्या, हात रिकामे. तिसरी अजून उतरतेय, पाठ आमच्याकडे.