कानशिलातली कळ

आई, मंगळवारी माझी दाढ काढली. खालची, डावीकडची, अगदी मागची. एवढंच सांगायला बसले होते, पण तुला काही सांगायला घेतलं की मी लांबून सुरुवात करते, आणि तू चुलीपुढून म्हणायचीस, "मुद्द्यावर ये बाई, भाजी लागतेय."

तर मुद्दा असा, की वर्षभर माझं डोकं दुखत होतं. कळ कानशिलातून निघायची आणि डोळ्यामागे जाऊन बसायची. मुलाने डोळे तपासून आणले, रक्तदाब बघितला, मानेचे व्यायाम लावून दिले. सून म्हणाली, फोन कमी बघा. दाढही अधूनमधून ठणकायची, पण या वयात काय ठणकत नाही, म्हणून मी कुणाला बोलले नाही. शेवटी जेवताना मी गाल धरला ते नातीने पाहिलं आणि मला इथे दिल्लीत, द्वारकेतच, आमच्या सोसायटीसमोरच्या दाताच्या डॉक्टरणीकडे नेलं. तिला माझं दुखणं हिंदीत सांगता सांगता नात अडली नि मलाच विचारते, "आजी, कानशील म्हणजे कनपटी ना?" डॉक्टरणीने आरशाच्या दांडीने एकेक दात हळूच ठोकला. मागच्या दाढेवर टक् झालं आणि कळ थेट कानशिलात! मी खुर्चीतून उडालेच. ती म्हणाली, "आंटीजी, साल भर सिर का इलाज चला और दाढ़ को किसी ने पूछा ही नहीं?" मग तिने सांगितलं, दाढेला चीर गेलीय, मुळाशी पू धरलाय. जबड्याची आणि कानशिलाची नस मुळात एकच, म्हणून दुखतं एकीकडे आणि कळतं दुसरीकडे. "हर सिरदर्द दाँत का नहीं होता," असंही म्हणाली, "पर एक बार मुँह खोलकर देख तो लो."

तुझं तोंड कुणी उघडून बघितलं होतं, आई?

त्या खुर्चीत मला आपलं सरकारी क्वार्टरचं स्वयंपाकघर दिसायला लागलं. तू पाटावर बसली आहेस, कपाळाला सुंठेचा लेप, त्यावर जुन्या लुगड्याची पट्टी घट्ट आवळलेली. भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून मऊ होईपर्यंत थांबतेस आणि उजव्या गालात सरकवतेस. नेहमी उजव्याच. हिवाळ्यात बाबा ऑफिसातून येताना गजक, ती तीळगुळाची कडक वडी, आणायचे, तर तुझा वाटा माझ्या हातावर. "मला नाही बाई आवडत हे दिल्लीचं गोड." मला वाटायचं, माझ्यावरच्या मायेने देतेस. आता वाटतं, चावता येत नसेल. मग पुन्हा वाटतं, दोन्ही असेल. माया काय, दाढ दुखत असतानाही करता येते.

तुझ्या डोकेदुखीचं कारण मात्र आपल्या लोकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. दिल्ली! अमरावतीकडून नोकरीसाठी आलेली आपली चार घरं. कुणाला खोकला झाला तर दिल्लीची थंडी, पोट बिघडलं तर इथलं पाणी, पोरगं उलट बोललं तर इथली हवा. दवाखान्यात चष्मा दिला, त्याने उतार पडला नाही, तेव्हा बाबांनी निकाल दिला, "हिला दिल्ली मानवत नाही." शेजारच्या काकू म्हणाल्या, "अहो, माहेरची आठवण डोक्यात चढते." तू लेप पुसत म्हणालीस, "माहेर कुठलं आठवतंय! डोकं ठणकतं तेव्हा मला नुसत्या शिव्या आठवतात." सगळे हसले. तूही हसलीस, गालाला हात लावून. तो हात आम्हा सगळ्यांना दिसत होता.

चार महिन्यांसाठी म्हणून तुला गावी पाठवलं. मी इथेच राहिले, बाबांचा डबा कोण करणार? माझी शाळा आठवीतच सुटली. पुढे जे काय शिकले ते पुड्यांचे कागद आणि शेजाऱ्यांची मासिकं वाचून. मावशीने तुझ्या वतीने पत्र लिहिलं, "हिचं डोकं इथंही तसंच दुखतं, मग तिथं लेकीजवळच दुखू दे म्हणते." बाबांनी ते पत्र दोनदा वाचलं आणि तुला आणायला जायचं ठरवलं. तेवढ्यात तुला ताप आला आणि त्यातच तू गेलीस. तो ताप वेगळाच होता, दाढेशी त्याचा काही संबंध नव्हता, हे मला पक्कं माहीत आहे. पण आई, ती दाढ कुणी बघितली असती, तर तो ताप तुला दिल्लीत आला असता, माझ्यासमोर. निदान तुझ्या कपाळावर घडी मी ठेवली असती. तुझं डोकं दाढेनेच दुखत होतं याचीही खात्री आता कोण देणार? मला आपलं वाटतं. वाटून वाटून आता ते खरंच झालंय.

दाढ काढल्यापासून डोकं दुखलेलं नाही. काल मी उगाच कानशील दाबून बघितलं. दुखत होतं तोवर तुझ्या जवळ होते की काय असं वाटलं, आणि मग स्वतःलाच वेडी म्हटलं.

हे पत्र नातीच्या जुन्या वहीत लिहिते आहे, तिथेच राहील. पण एक गोष्ट मी बाबांनाही कधी सांगितली नाही. तुला पाठवायचं ठरण्याआधी जेवताना त्यांनी मला विचारलं होतं, "आई थोडे दिवस गावी गेली तर तुला घर जमेल का गं?" तू आमच्याकडे पाठ करून भाकरी थापत होतीस. मी ऐटीत म्हणाले, "जमेल की." मला वाटलं, तू गर्रकन वळशील आणि म्हणशील, मोठी आली घर सांभाळणारी, मी कुठ्ठे जात नाही. तू वळली नाहीस. थापतच राहिलीस.

मला जमणार नव्हतं, आई. तू नाही म्हणावंस, म्हणून मी हो म्हटलं होतं.