पान ८७ वरचं ‘आपोआप’

चिंचोळी एमआयडीसी, सोलापूर
सोमवार, ४ ऑगस्ट २०२५

आदरणीय वेणीमाधव सर यांस,

सप्रेम जयभीम. नमस्कार सोयीचा वाटत असेल तर तसा वाचावा. तुमची आणि अनसूयावहिनींची प्रकृती ठीक असेल. इकडे आम्ही खुशाल.

पत्र मुद्दाम हातानं लिहितोय. टाईप केलं असतं तर तुम्ही ते ऑफिसातल्या कुणाकडे तरी सरकवलं असतं. अक्षर ओळखलंत का? तुम्ही पीएचडी करत होतात तेव्हा लॅबमधल्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या याच अक्षरातल्या होत्या. मी तेव्हाचा लॅब अटेंडंट, हरिदास शिवशरण. आज चिंचोळीत माझा कारखाना आहे आणि औषध कंपन्यांना लागणारी रसायनं आम्ही बनवतो. दहावीनंतर मी वर्गात बसलो नाही. रसायनशास्त्र शिकलो ते रिअ‍ॅक्टरपुढे उभं राहून आणि जुन्या बाजारातली पुस्तकं वाचून. मला कुणी शिकवलेलं नाही.

आईच्या नावानं मी यंदा शिष्यवृत्ती सुरू केली, हे तुम्हाला ठाऊक आहे, कारण एका अर्जावर तुमची शिफारस आहे. ‘केसरबाई शिवशरण संशोधन शिष्यवृत्ती’: कॅन्सरच्या नव्या औषधावर पीएचडी करणाऱ्या एकाला, तीन वर्षं. नाव वाचूनही तुम्हाला मी आठवलो नसेन. आईचं नाव तुम्ही कधी विचारलं नव्हतंत. ती अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कडा शिवायची. २००९ साली अन्ननलिकेच्या कॅन्सरनं गेली. औषध दोन महिने लागू पडलं, मग आजार त्याला सरावला. डॉक्टर म्हणाले, “याच्या पुढचं औषध अजून कुणी शोधलेलं नाही.” ते वाक्य घेऊन मी बसनं घरी आलो. अजून ते खाली ठेवलेलं नाही.

अर्ज अकरा आले. प्रत्येक मी तीनदा वाचला. सगळ्यात चांगला तुमच्या विद्यार्थिनीचा, धम्मप्रिया बनसोडेचा. मुलगी नेमकं लिहिते, फुगवून लिहीत नाही. सहाव्या पानावर तिनं अडचणही लपवलेली नाही. तिचं नवं औषध ज्या संयुगापासून बनायचं ते तुमच्या प्रबंधातलं १४-ब. ते घट्ट, शुद्ध मिळाल्याशिवाय पुढची पायरी नाही, आणि तिच्या हातात आठ महिने नुसतं पिवळं तेल येतंय. खाली टीप: ‘पद्धत मूळ प्रबंधातील पान ८७ प्रमाणे.’

शनिवारी मी कॉलेजच्या लायब्ररीत गेलो. बसप्पा अजून तिथंच आहे, यंदा निवृत्त होतोय. त्यानं तुमचा प्रबंध काढून दिला. पान ८७, वरून नववी ओळ. तुमच्या इंग्रजीचं मराठी असं होतं: ‘तेलकट पदार्थ तसाच ठेवून दिल्यावर स्फटिक आपोआप तयार झाले.’

सर, हे आपोआप म्हणजे मी.

विसरला असाल तर सांगतो. १४-ब पाच महिने तेलच होतं. तुम्ही बर्फात ठेवलं, काचेच्या दांडीनं घासलं, द्रावक बदलून पाहिलं, एकदा फ्लास्क भिंतीवरही मारलात. काचा मी गोळा केल्या. खिडकीत एक जुना फ्लास्क तीन आठवडे न धुता पडला होता. ९ फेब्रुवारी १९९६, शुक्रवार. तो धुवायला घेतला तर मानेच्या आतल्या कडेला, बूच बसतं तिथं, मिठासारखी पांढरी रेघ. ती धुणाऱ्यालाच दिसते, वापरणाऱ्याला दिसत नाही. मी ती खरवडून तुमच्या तेलात टाकली, आई दुधाला विरजण लावायची तशी. शनिवारी सकाळी फ्लास्क गच्च पांढरा होता. मेल्टिंग पॉइंट १४२ ते १४३ अंश, म्हणजे अगदी शुद्ध. तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, “हरिदास, लेका, वाचवलंस मला.”

प्रबंध टाईप होत होता तेव्हा मी एवढंच विचारलं, की आभाराच्या पानावर माझं नाव येईल का. तुम्ही हसलात. सोमवारी माझी बदली सायकल स्टँडवर झाली. तुमच्या तक्रार अर्जात लिहिलं होतं: ‘अटेंडंट संशोधनाच्या पदार्थांना परवानगीशिवाय हात लावतो.’ सही तुमची. अकरा महिने मी सायकलींना बिल्ले लावले. तुमच्या स्कूटरलाही लावला, त्याचा जोड तुम्ही खाली न बघता घेतलात.

आता माझी अट. तुमच्या प्रबंधाच्या पान ८७ ला शुद्धिपत्र जोडायचं. टाईप केलेलं नाही, तुमच्या हातचं. मजकूर: ‘स्फटिक आपोआप तयार झाले नाहीत. ते लॅब अटेंडंट हरिदास शिवशरण यांनी मिळवले.’ बसप्पासमोर, स्वतः डिंक लावून. त्याचा फोटो मला मिळाला की धम्मप्रियाच्या शिष्यवृत्तीवर मी सही करेन. मुदत २५ ऑगस्ट. पैशावाचून तिला थांबता येणार नाही, हैदराबादच्या कंपनीनं तिला १ सप्टेंबरला नोकरीवर हजर व्हायला सांगितलंय, हे मी चौकशी करून माहीत करून घेतलंय.

ते तेल आता का घट्ट होत नाही, हेही मला माहीत आहे. त्याबद्दल आज लिहीत नाही.

आपला,
हरिदास शिवशरण


चिंचोळी एमआयडीसी, सोलापूर
शुक्रवार, २२ ऑगस्ट २०२५

आदरणीय सर,

सप्रेम जयभीम. तुमचं उत्तर १२ तारखेला मिळालं. टाईप केलेल्या पाच ओळी. ‘त्या काळी पद्धत वेगळी होती. साहाय्यकांची नावे घेण्याची प्रथा नव्हती. होतकरू विद्यार्थिनीच्या भवितव्याशी आपण खेळू नये.’ पहिली दोन वाक्यं वाचून मला राग आला. तिसरं वाचून जास्त आला, कारण ते खरं होतं.

मंगळवारी धम्मप्रिया कारखान्यात आली. मी बोलावलं नव्हतं. स्कूटीच्या हुकाला टिफिनची पिशवी, पिशवीत टॉवेलात गुंडाळलेला फ्लास्क. वॉचमन जोतिरामला वाटलं डबा घेऊन आली, त्यानं तिला कँटीनकडे धाडलं. तिथून ती शोधत माझ्या टेबलापर्यंत आली.

“जयभीम काका. बसप्पामामा म्हणाले, तेल घट्ट करणारा माणूस चिंचोळीत हाय, त्याला जाऊन विचार. तुम्हीच का ते?”

मी म्हणालो, “शिष्यवृत्ती माझीच आहे. तू अर्जदार आहेस. असं येऊन भेटणं नियमात बसत नाही.”

“शिष्यवृत्ती राहू द्या की तिकडं. मी फ्लास्क घेऊन आलेय, अर्ज नाही.”

फ्लास्क टेबलावर ठेवला. तोच रंग, सर. एकोणतीस वर्षांनी बघितला आणि नाकात तोच वास. मी ड्रॉवर उघडून छोटी बाटली काढली. बूच मेणानं बंद, आत चिमूटभर पांढरं, वरची चिठ्ठी माझ्या हातची: १४-ब, १०.२.९६.

हे मी तुम्हाला मागच्या पत्रात लिहिलं नाही. सायकल स्टँडवर गेलो त्या दिवशी ती चिमूट मी तुमच्या लॅबमधून उचलली होती. विचारलं नव्हतं. त्याला तुम्ही चोरी म्हणा, माझी हरकत नाही.

तिला समजावलं ते तुम्हालाही सांगतो, कारण मला वाटतं तुम्हाला हे आजवर कळलेलं नाही. असा एक कण आला की त्या खोलीत पुढचं सगळं सहज जमतं. कण टेबलाच्या फटीत राहतात, कोटाच्या बाहीवर राहतात. म्हणून तुमच्या जुन्या लॅबमध्ये नंतरची सगळी वर्षं १४-ब ठेवून दिलं की घट्ट व्हायचं, आणि तुम्हाला स्वतःचंच वाक्य खरं वाटू लागलं. २०२३ ला लॅब नव्या इमारतीत गेली. नवी टेबलं, नवी काच, नवे कोट. तिथं माझा कण नाही. पोरगी प्रबंधावर विश्वास ठेवून तेल ‘तसंच ठेवून’ देत बसली, आणि तिचे आठ महिने गेले.

तिनं बाटली उजेडाला धरली. “कधीपासून आहे ही तुमच्याकडं?”

“एकोणतीस वर्षं.”

“ते वाचलं मी चिठ्ठीवर. माझा अर्ज कधी वाचला तुम्ही?”

“२६ जुलैला.”

तिनं बाटली खाली ठेवली. मग हळूच म्हणाली, “म्हणजे चोवीस दिवस तुम्हाला माहीत होतं. एक फोन केला असता तरी चाललं असतं. या चोवीस दिवसांत मी तीन बॅच टाकून दिल्या, काका.”

मी तिला सगळं सांगितलं. पान ८७, सायकल स्टँड, माझी अट. वाटलं, आपल्यातली मुलगी आहे, तिचे वडील सतीश चादरीच्या मागावर कामाला आहेत, तिला कळेल. तिला कळलं. म्हणूनच म्हणाली, “सरांनी तुमचं नाव दाबून ठेवलं. तुम्ही बाटली दाबून ठेवली. पुढं पेशंटला काय सांगायचं, औषध यायला उशीर कुणामुळं झाला?”

कारखान्यात बेचाळीस माणसं माझ्यासमोर आवाज चढवत नाहीत. हिनं चढवलाच नाही, तरी मी बाटली पुढे ओढली.

मेण मी चाकूनं काढलं. कण तिच्या हातानं टाकायला लावला. दोन चहा झाले. पंच्याहत्तराव्या मिनिटाला मधोमध एक पांढरा ठिपका दिसला, मग तो पसरत कडेपर्यंत गेला. गाळून, वाळवून मेल्टिंग पॉइंट घेतला: १४२ ते १४३. उरलेली बाटली तिलाच दिली. बुधवारी सकाळी शिष्यवृत्तीच्या पत्रावर सही केली आणि ते तिच्या हातात ठेवलं. हैदराबादच्या कंपनीला तिनं नकार कळवला. तेव्हा आता माझ्याकडे तुम्हाला अडवायला काही उरलेलं नाही.

जाताना तिनं विचारलं, “हे सगळं तुम्हाला कुणी शिकवलं?” मी सवयीनं म्हणालो, “कुणी नाही.” तुम्हालाही मागच्या पत्रात तेच लिहिलं, भाषणांतही तेच सांगतो. ते खोटं आहे. पहिल्या महिन्यात तुम्ही मला तराजू वाचायला शिकवलात. चौथ्या दशांशापर्यंत, दार बंद करून, श्वास रोखून. मेल्टिंग पॉइंटची नळी कशी भरायची, तेही तुम्हीच. एका पावसाळ्यात रोज संध्याकाळी अर्धा तास. ते नसतं तर पांढरी रेघ दिसूनही मी ती धुऊन टाकली असती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सोमवारी कामगारांसमोर सांगणार आहे आणि ऑफिसच्या भिंतीवर माझी जी माहिती लावली आहे तिच्यात लिहून घेणार आहे. माझं शुद्धिपत्र मी जोडलं.

हे वाचून तुम्हाला हायसं वाटत असेल, तर थांबा.

तुमचं शुद्धिपत्र आता मला नको. माझी अट मी मागे घेतो. आज तुम्ही ते लावलंत तर पोरीसाठी लावलं असं म्हणाल आणि मोठे व्हाल. तशी सोय मी ठेवलेली नाही.

धम्मप्रियानं तिच्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाची पहिली ओळ माझ्यासमोर वहीत लिहिली. मी सांगितली नाही, शब्दसुद्धा सुचवला नाही. ‘प्रबंधातील पद्धतीने १४-ब घन रूपात मिळाले नाही, हरिदास शिवशरण यांनी १९९६ साली मिळवलेल्या स्फटिकाचा कण टाकल्यावर मिळाले.’ मी म्हणालो, “सर सही करतील का याखाली?” ती पेनाचं टोपण लावत म्हणाली, “न करून कुठं जातील? खोटं असेल तर खोडावं की त्यांनी.”

तीन वर्षांनी तो प्रबंध तुमच्या टेबलावर येईल. पहिल्याच पानावर गाईडचं प्रमाणपत्र असतं, की यातलं सर्व काम माझ्या देखरेखीखाली झालं असून खरं आहे. त्याखाली तुम्हाला सही करावी लागेल. नंतर तो लायब्ररीत तुमच्या प्रबंधाच्या त्याच कपाटात जाईल. एकात स्फटिक आपोआप आलेले असतील, दुसऱ्यात माझ्यामुळे आलेले असतील, आणि दोन्हींत सही तुमचीच असेल. वाचणारा ठरवेल, कोणती खरी.

तिची तोंडी परीक्षा खुली असते. बाहेरच्या कुणालाही बसता येतं आणि प्रश्न विचारता येतो, हा नियम मी पाहून ठेवला आहे. माझा प्रश्न विद्यार्थिनीला नसेल.

रक्तदाब तपासून घेत जा, जिने जपून चढा. त्या दिवशी तुम्ही धडधाकट हवे आहात.

तुमच्या सहीची वाट पाहणारा,
हरिदास